‘लेट’ या शब्दाबाबत खुलासा

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. गुंजी.
माझा मोठा भाऊ भरमू, म्हणजे आमचा अण्णा, परवा रविवारी सकाळी गेला. वय सदुसष्ट. दम्याचा त्रास जुना होता.
मी दुपारी सव्वाचारला पोचलो. तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. तीन वाजेपर्यंत माझी वाट बघितली म्हणे. तोंड बघायला मिळालं नाही.
गाडी लेट होती.
नऊ तारखेचं पान तूर्त कोरं ठेवलं आहे. मन स्थिर झाल्यावर सविस्तर लिहीन.
संकल्प : तेरा दिवस इथेच राहणे. मालुवहिनींना आणि पुतण्या सूरजला आधार देणे.

१२ नोव्हेंबर, बुधवार. गुंजी.
गाडीचं कारण नीट बसलं नाही. अण्णाचं घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. इथे गाडीच्या शिट्टीवर लोक चुलीवर दूध ठेवतात. रविवारी सकाळची गाडी वेळेवर आली आणि वेळेवर गेली, हे सगळ्या गावाला पाठ आहे.
शेजारच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, “कुठली गाडी लेट होती गा? सकाळची तर टायमात आलती.”
दुपारची, असं सांगितलं. दुपारी मी बसने आलो होतो. पण तसं त्यांनी विचारलं नाही.
यापुढे गाडीचा विषय टाळणे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. गुंजी.
खरं कारण वेगळंच आहे. ते आज सगळ्यांना सांगितलं आणि इथेही लिहून ठेवतो.
रविवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सूरजचा फोन आला. वडिलांना तो आप्पा म्हणतो. त्याचे शब्द : “काका, आप्पा लेट झाले.”
आता, अण्णा त्याच दिवशी बेळगावला आमच्याकडे यायचा होता. सोमवारी डॉक्टरला दाखवायचं ठरलं होतं. त्यामुळे बस चुकली असणार, असा मी अर्थ घेतला. “होऊ दे, सावकाश येऊदेत,” असं म्हणालो आणि वेळ झाल्यावर जेवायला बसलो. कोणीही बसला असता. दीड वाजता सूरजचा दुसरा फोन आला, काका निघालाय न्हवं म्हणून, तेव्हा उलगडा झाला.
म्हणजे दोष शब्दाचा आहे. इंग्रजीत एकाच शब्दाला दोन टोकांचे अर्थ ठेवले आहेत.
(सकाळी सहाला एक फोन आला होता. त्याचा इथे संबंध नाही.)
ऐकणाऱ्यांना पटलं. एक बाई तोंडाला पदर लावून हसलीसुद्धा. मग सगळे सूरजकडे वळले. शिकलेल्या पोरांचं हे असंच, बापाचं मरण सांगायला इंग्रजी कशाला पाहिजे, वगैरे. सूरज खाली मान घालून बसला. मी म्हणालो, जाऊ दे, लहान आहे. तो सव्वीस वर्षांचा आहे.
वहिनी आतल्या खोलीत होत्या. ऐकलं की नाही कळलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. टिळकवाडी, बेळगाव.
परत आलो. शाळेत मस्टर कोणाच्या भरवशावर ठेवता येत नाही. मी हेडक्लार्क. सव्वादहानंतर आलेल्याच्या नावापुढे लाल पेनाने ‘L’ लिहिणे हे एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. कोणाची गय नाही. तीन L झाले की लेखी खुलासा घ्यायचा.
तेरा दिवसांचा संकल्प मोडला असं नाही. दहाव्याला जाणार आहेच.
बायकोने, नीलमने, विचारलं, न्हाणीतल्या टॉवेलाला काळे डाग कसले, दोनदा धुऊनही निघेनात. रविवारी ती अनगोळला माहेरी होती. तिला म्हणालो, आता या दुःखात टॉवेलाचं काय घेऊन बसलीस.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. दहावा दिवस.
नदीवर केस दिले. न्हावी रवळू लहानपणापासून ओळखतो. वस्तरा थांबवून म्हणाला, “भावकू, रंग ताजा हाय की रं. मुळापर्यंत काळं. आठ-धा दिसातला दिसतोय.”
आमच्या घराण्यात केस उशिरा पिकतात, असं सांगितलं. तो म्हणाला, व्हय, भरमूचे तिशीतच पिकलते, मीच कापत होतो.
न्हाव्यांना फार बोलायची सवय असते.
पिंडाला कावळा शिवेना. तासभर झाला. झाडावर तीन कावळे बसलेले, एकही खाली येईना. जिनसा सगळ्या ठेवल्या होत्या, चहासुद्धा. अण्णाचा जीव कशात अडकलाय, कुणाची वाट बघतोय, अशी कुजबूज सुरू झाली. चार-पाच जणांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होणारच होतो. तेवढ्यात सूरज गेला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, “आप्पा, माझं चुकलं. माझ्यामुळं काकांस्नी तुमचं तोंड बघाय गावलं न्हाय.”
कावळा लगेच आला.
यावरून दोष कोणाचा हे स्पष्ट होतं.
रात्री जेवण गेलं नाही. उन्हात उभं राहिल्यामुळे.

२० नोव्हेंबर, गुरुवार. गुंजी. बारावं.
सूरजने अण्णाचा फोटो खानापुरात फ्रेम करून आणला. खाली लिहिलंय : ‘लेट श्री. भरमू’. मराठी अक्षरात लेट. मी आक्षेप घेतला. आपल्याकडे ‘कै.’ आहे, ते सोडून हे काय? याच शब्दाने एवढा घोटाळा केला आणि तोच पुन्हा भिंतीवर?
सूरज म्हणाला, सवयीनं सांगितलं फ्रेमवाल्याला. तो खानापुरात ऑनलाइन सेंटरवर दिवसभर लोकांचे फॉर्म भरतो. वडिलांचं नाव : लेट अमुक, लेट तमुक. मग थांबून म्हणाला, “काका, त्या दिशी गेले असं म्हणाय जीभच उचलंना. फॉर्मातला शब्द आला तोंडात.”
मी म्हणालो, ठीक आहे.
संकल्प : ‘लेट’ या शब्दाची पाळंमुळं शोधून लेखी खुलासा तयार करणे. महिन्याच्या कार्याला सात डिसेंबरला सगळे जमतील तेव्हा वाचणे. पुन्हा कोणाच्या घरात असा घोटाळा होऊ नये, हा उद्देश. समाजोपयोगी काम आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार. टिळकवाडी.
वरच्या मजल्यावरच्या त्रिशला मॅडमकडे गेलो. निपाणीच्या. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. घरात उशीएवढी डिक्शनरी आहे, आणि शब्द कुठून आला ते सांगणारं वेगळं पुस्तकही.
पहिला निष्कर्ष फारच चांगला निघाला. ‘लेट’ म्हणजे उशिरा आलेला. पण त्याचाच एक अर्थ ‘अलीकडचा’ असा होता. ‘अलीकडेपर्यंत असलेला’ म्हणून मेलेल्या माणसाच्या नावामागे लेट लावू लागले. ही पद्धत इंग्रजीत पाचशे वर्षांपासून आहे. म्हणजे घोटाळा पाचशे वर्षं जुना. मी तर त्यात रविवारी सापडलो.
एक पान लिहून झालं. एकूण चार पानं होतील. पन्नास झेरॉक्स काढाव्यात का?

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
मॅडमकडे दुसरी बैठक. मुळात जुन्या इंग्रजीत हा शब्द कोणत्या अर्थाने होता, ते विचारलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं : मंद, सुस्त, आळशी. त्याच्याही मागे गेलं तर सैल पडणे, सोडून देणे.
हे खुलाशात घेण्याची गरज नाही. फार जुनं आहे.
मग त्या म्हणाल्या, ‘लास्ट’ हा शब्दही यातूनच आला. लेट, लेटर, लेटेस्ट म्हणतो तसंच जुनं रूप. सगळ्यात लेट तो लास्ट. हेही घेतलं नाही. विषय वाढतो.
चहा देताना मॅडम म्हणाल्या, “पाटील, तुम्हाला शब्दाचा अर्थ पाहिजे आहे, का आणि काही?”
संशोधन, असं सांगितलं. त्या बराच वेळ डिक्शनरीचं कव्हर पुसत बसल्या.

३० नोव्हेंबर, रविवार.
खुलाशात भावाभावांच्या प्रेमाचा एक परिच्छेद असावा म्हणून आठवून बघितलं. त्र्याऐंशी साली माझी दहावीची परीक्षा खानापूरला होती. पहिल्याच दिवशी माझं हॉलतिकीट घरी राहिलं. मी परत पळालो. अण्णा गार्डाच्या डब्याची दांडी धरून उभा राहिला. “माझा भाऊ येतोय. तो चढल्याशिवाय गाडी हलायची न्हाय,” असं गार्डाला म्हणाला. गार्ड शिव्या देत होता, अण्णा दांडी सोडत नव्हता. तीन मिनिटं गाडी थांबली. मी चढलो. इंग्रजीचाच पेपर होता.
परिच्छेद चांगला झाला.
वाचून बघितला आणि काढून टाकला. मुद्द्याशी संबंध नाही.

१ डिसेंबर, सोमवार.
शिपाई जिनाप्पा वीस मिनिटं लेट. चिकोडीकडचा आहे. नेहमीप्रमाणे कन्नडमध्ये म्हणाला, “तडा आतरी सर.” उशीर झाला. मी L मारला. मग सहज विचारलं, तुमच्यात उशिराला तडा म्हणतात, आमच्यात तडा म्हणजे चीर. तो म्हणाला, “सर, भांड्याला जातोय त्यो तुमचा, माणसाला होतोय त्यो आमचा. तुमच्याला लाख लावून भागतंय.”
लिहून घेतलं. खुलाशात कुठे बसेल ते बघायचं.
मी स्वतः आज दहा अठ्ठावीसला पोचलो, खुलाशाचं तिसरं पान लिहीत होतो म्हणून. माझ्या नावापुढे L लिहिला नाही. संशोधनाचं काम असल्याने ग्राह्य.

४ डिसेंबर, गुरुवार.
डोक्यावर केस आले. पांढरे. एकही काळा नाही. आरशात अण्णासारखा दिसतो.
नीलमने न्हाणीच्या फळीवरून केसांच्या रंगाचं एक पाकीट काढून समोर धरलं. तुम्ही दोन आणली होती ना, दुसरं कुठं गेलं, कधी लावलं? मी म्हणालो, आठवत नाही. ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली. मग टॉवेल वाळत घातला होता तिकडे बघितलं. तिने बोललेलं बरं असतं.
खुलासा पूर्ण. चार पानं. शेवटचं वाक्य : ‘सबब, सदर प्रकारात कोणाचाही हेतू वाईट नसून, चि. सूरजला मी मोठ्या मनाने क्षमा केलेली आहे.’
झेरॉक्स पंचवीसच काढल्या.

७ डिसेंबर, रविवार. गुंजी. रात्री परत, टिळकवाडी.
जेवणं झाल्यावर पडवीत सगळे बसले. तीस-पस्तीस माणसं. फोटोला हार. मी चष्मा लावून उभा राहिलो आणि खुलासा वाचला. आवाज चांगला लागला. पाचशे वर्षांचा मुद्दा आला तेव्हा दोन-तीन जण माना हलवत होते. रवळू न्हावी सुपारी कातरत ऐकत होता. शेवटच्या वाक्याला सूरज उठून माझ्या पाया पडायला वाकला.
तेव्हा दारात उभ्या असलेल्या वहिनी बोलल्या. आवाज मोठा नव्हता.
“सूरज, उठ. पाया पडू नको.”
मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भावजी, त्या दिशी सकाळी सा वाजता फोन मीच केलता न्हवं. त्यात लेट न्हवतं. मी मराठीतच सांगितलतं.”
रवळूचा अडकित्ता थांबला.
सूरजने विचारलं, कुठला फोन, आई? त्याला माहीतच नव्हतं. तो तेव्हा अण्णाला दवाखान्यात न्यायला भाड्याची गाडी बघायला खानापूरला गेला होता. वहिनी म्हणाल्या, काय न्हाय, जा, चहा सांग सगळ्यांस्नी. त्या महिनाभर गप्प होत्या. पोराच्या डोक्यावरचं काढायला बोलल्या, नाहीतर आजही बोलल्या नसत्या.
मी कागदाच्या घड्या घातल्या. चार पानांची घडी नीट बसत नाही.
चोवीस झेरॉक्स परत आणल्या. एक कोणीतरी घेतली.

८ डिसेंबर, सोमवार. पहाटे.
मागे जाऊन नऊ तारखेचं पान भरतो.

९ नोव्हेंबर, रविवार.
सकाळी ६. वहिनींचा फोन. “भावजी, त्यांस्नी धाप लागलीया. तुमचं नाव काढायलेत. लगोलग या.” यातला प्रत्येक शब्द मला समजला. मी म्हणालो, निघालोच.
पण पाकीट फोडलेलं होतं. पावडर वाटीत कालवली होती. एकदा कालवली की ठेवता येत नाही, असं पाकिटावरच लिहिलेलं आहे. चाळीस मिनिटं ठेवायचा रंग. लावला.
अण्णाला याआधी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा मी धावत गेलो तेव्हा तो पडवीत चहा पीत बसला होता. हे खरं आहे. पण कारण हे नाही. कारण वाटी.
सव्वासातला गाडी. मी डोकं धूत होतो. आमच्याकडे शिट्टी ऐकू येते. ऐकली.
पुढे बसने जाता आलं असतं. साडेसातला, आठला, नऊला. केस वाळू देत म्हणालो. मग चहा. मग वाटलं, आता कशाला, तो आज इकडे येणारच आहे. ज्याला धाप लागली आहे तो बसने बेळगावला येणार आहे, असं मी दोन तास मानून बसलो होतो.
१०.४०. सूरज : “काका, आप्पा लेट झाले.”
मला कळलं. लगेच कळलं. त्याचा आवाज ऐकून कळत नाही असा माणूस नसतो. पण कळलं म्हणालो असतो तर त्याने विचारलं असतं, कुठवर आलाय? मी घरीच होतो, गळ्यात टॉवेल. म्हणून तोंडातून गेलं, सावकाश येऊदेत. आणि मग जेवायला बसलो. न कळलेला माणूस जेवतो, म्हणून. नीलमने वांग्याची भाजी करून ठेवली होती. दोन भाकऱ्या खाल्ल्या.
अण्णाने माझं नाव किती वेळ काढलं, ते मी वहिनींना विचारलेलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार.
शाळेतून रजा टाकली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. ‘वैयक्तिक’.
त्रिशला मॅडमना पुस्तकं परत दिली. त्या म्हणाल्या, काम झालं का? झालं म्हणालो. त्यांनी माझ्या पांढऱ्या डोक्याकडे बघून, बरं दिसतंय, असं म्हटलं. जिना उतरताना मधेच थोडा वेळ बसलो.
संकल्प, एकच : रविवारी गुंजीला जाणे. सकाळच्याच गाडीने. सूरजला समोर बसवून सांगणे, तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं. मराठीत. अर्थाचा प्रश्नच येणार नाही.

१३ डिसेंबर, शनिवार.
वाक्य घोकलं. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. आरशासमोर म्हणताना दुसऱ्या वाक्याला मी चष्मा काढून पुसायला लागतो. नीलम बाहेरून ऐकत होती वाटतं. तिने रंगाचं उरलेलं पाकीट कचऱ्यात टाकलं, आणि मी बघतोय हे बघून टाकलं.
कपडे काढून ठेवले. गजर साडेपाचचा. सूरजला फोन केला, सकाळच्या गाडीने येतो म्हणून. तो म्हणाला, या की काका.

१४ डिसेंबर, रविवार. गुंजी.
साडेसहालाच स्टेशनवर पोचलो. तिकीट काढलं. पहिल्या रांगेत उभा राहिल्यासारखा उभा राहिलो.
सव्वासात झाले. गाडी नाही. साडेसातला स्पीकरवर सांगितलं, कन्नडमध्ये, हिंदीत आणि इंग्रजीत. पन्नास मिनिटं. कन्नडमध्ये ‘तडवागि’, इंग्रजीत ‘लेट’. तीन भाषांत एकच गोष्ट, आणि तीनही मला समजतात.
गाडीत वाक्य पुन्हा घोकलं. खानापूरपर्यंत नीट येत होतं.
गुंजीत उतरलो. घराच्या दारात सूरज उभा होता. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. वहिनी मागे, ओल्या हाताने. पडवीत अण्णाचा फोटो. ‘लेट’ खोडून त्या जागी ‘कै.’ची पट्टी चिकटवलेली, जरा तिरकी. माझ्यासाठी केलेलं.
सूरज म्हणाला, “काका, वाट बघत हुतो सकाळपासनं.”
मी तोंड उघडलं.
“गाडी लेट होती,” असं म्हणालो.
सूरजने खाली बघितलं. मी खिशातलं तिकीट काढायला लागलो, वेळ दाखवायला. ते लवकर हाताला लागेना.
वहिनींनी पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, “व्हय. आज होती.”